दिवा एक, आयुष्ये तीन

पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. मग मुलांचा अभ्यास सौरकंदिलावर चालतो. या भागात फिरताना कुडाच्या भिंतीवर टांगलेले बंद कंदीलही आम्ही पाहिले. विचारले तर ‘बिघडला’ एवढेच उत्तर मिळते. पण बिघडले नेमके काय?

कंदिलाचे मुख्य भाग तीन : सौर पॅनेल, बॅटरी आणि दिवा. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकू शकते. चांगला एलईडी हजारो तास प्रकाश देतो. शिसे-आम्ल बॅटरी मात्र दोन-चार वर्षांतच थकते. त्यातून इथला पावसाळा! ढगाळ दिवसांत ती पूर्ण चार्ज होत नाही. अशी अर्धवट चार्ज राहिली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि तिची क्षमता घटते.

म्हणजे थकते बॅटरी, पण अडगळीत जातो अख्खा कंदील. सायकलची ट्यूब फाटली म्हणून आपण सायकल टाकून देतो का? नाही, कारण ट्यूब वेगळी मिळते व बदलता येते. कंदीलही स्क्रूने उघडणारा असला, बॅटरी प्रमाणित आकाराची असली, तर हेच साधेल. चिकटवून बंद केलेली वस्तू मात्र तिच्या सर्वांत दुबळ्या भागाइतकीच जगते.

भाग सुटे असले की सुधारणाही करता येते. जुन्या सौरकंदिलात ७ वॅटचा सीएफएल व १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असे. ऊर्जा झाली १२ × ७ = ८४ वॅट-तास. त्यातली निम्मी वापरली, तर दिवा ६ तास चालेल. सीएफएल व त्याचे मंडल काढून ३ वॅटचा एलईडी व त्याचे मंडल बसवले, तर १४ तास! अभ्यासाला तो प्रकाश पुरतो. बॅटरी तीच, पॅनेलही तेच.

मात्र सुटा भाग आणि तो बसवणारा हात, दोन्ही जवळ हवेत. मुंबईच्या आय.आय.टी.ने महाराष्ट्रासह चार राज्यांत विद्यार्थ्यांना लाखो सौरदिवे दिले, तेव्हा जोडणी आणि दुरुस्ती स्थानिक माणसांनाच शिकवली होती.

वर्गात एक बंद कंदील आणा. पॅनेल उन्हात धरून मल्टिमीटरने व्होल्ट मोजा, मग बॅटरीचे मोजा. (लिथियमची बॅटरी मात्र उघडू किंवा टोचू नये.) कोणता भाग चांगला आणि कोणता गेला, हे मुलेच सांगतील. नवी वस्तू घेताना दुकानदाराला काय विचारायचे, तेही त्यांना उमगेल : ‘‘याची बॅटरी बदलता येते का?’’