पावसाळ्याआधी एक अर्ज

पावसाळा तोंडावर आला, की आपण तांदळाला बोरिक पावडर लावतो, पापड-कुरडया डब्यांत भरतो. पण दारापुढच्या तुंबलेल्या गटाराची आठवण केव्हा होते? पाणी उंबऱ्याशी आले म्हणजे!

मैत्रिणींनो, आम्ही कात्रजकर डोंगराच्या पायथ्याशी राहतो. इथला तलाव पेशवेकालीन. तो भरला, की जादा पाणी आंबील ओढ्यातून सहकारनगर, दांडेकर पूल करीत मुठेला मिळते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला. घरे पाण्यात गेली, माणसे दगावली. तेव्हापासून दारापुढे पाणी साचले, की आमच्या पोटात गोळा येतो.

मी अर्धवेळ शिक्षिका. त्यामुळे गल्लीचा अर्ज लिहायचे काम माझ्याकडे आले. अर्ज छान भावनेने ओथंबलेला. पण त्यावर तारीख नाही, जागेची खूण नाही आणि नक्कलही ठेवली नाही! चौकशीला गेलो, तर दाखवायला हातात काहीच नव्हते. चूक आमचीच.

तुम्ही मात्र असे करा. आधी पाणी कसले ते पाहा. चेंबरमधून मैला वर येत असेल, तर ते ड्रेनेजचे काम. पावसाचेच पाणी साचत असेल, तर ते पावसाळी गटाराचे. अर्जात हे स्पष्ट लिहा. नेमकी जागा, किती दिवसांपासून आणि किती घरांना त्रास, एवढे चार ओळींत मांडा. फोटो जोडा. सह्या घरोघरच्या घ्या, भाडेकरूंच्यासुद्धा. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. ती प्रत रेशनकार्डासारखी जपा.

उत्तर आले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली, दहा रुपये भरून, अर्जाचे काय झाले ते विचारता येते. तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. संकोच कसला? गटारे बांधणे, साफ ठेवणे हे १९४९ च्या महापालिका कायद्यानेच पालिकेचे कर्तव्य ठरवले आहे. नवे गटार हवे असेल, तर मात्र अंदाजपत्रकात पैसे लागतात. पुणे महापालिका त्यासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते. तेव्हा आदल्या वर्षीच मागणी करा.

आणि हो, नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकच्या पिशव्या गटारात जातात, त्या आपल्याच घरांतून. सह्या मागायला जाल, तेव्हा हेही सांगून या. दुपारच्या चहाची वेळ त्याला बरी. सगळ्याजणी घरी भेटतात.