घरच्या पार्किंगमध्ये एकावर एक दोन गाड्या : कार लिफ्ट बसवण्याआधी काय काय मोजायचं?

तुम्ही पण ते रील पाहिलं असेल. छोटंसं गॅरेज, एक बटण दाबलं की जुनी गाडी अलगद वर जाते आणि खाली रोजची गाडी येऊन उभी राहते. पंधरा सेकंदांत पार्किंगचा प्रश्न सुटला.

आता हे रील घरच्या ग्रुपवर पडतं. आजोबांची प्रीमियर पद्मिनी विकायला कोणाचं मन होत नाही आणि रो हाऊसच्या पार्किंगमध्ये गाडी मावते एकच. मग पद्मिनी रस्त्यावर उन्हापावसात गंजत पडते. त्यात मे २०२५ मध्ये राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी सांगून टाकलं की, पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी होणार नाही असं धोरण येणार. साहजिकच लोक विचारायला लागले, "आपल्याकडे ती लिफ्ट बसेल का?"

बसू शकते. पण रीलमध्ये जे दाखवत नाहीत, तिथेच सगळी मेख आहे.

पहिला प्रश्न : उंची पुरते का?

गणित साधी बेरीज आहे. खालच्या गाडीची उंची, तिच्या टपावर थोडी मोकळी जागा, प्लॅटफॉर्मची जाडी, वरच्या गाडीची उंची आणि वर पुन्हा थोडी मोकळी जागा.

समजा, खाली मारुती स्विफ्ट आहे. तिची उंची १,५२० मिलीमीटर. वर पद्मिनी, साधारण १,५०० धरू. प्लॅटफॉर्मचे १५० आणि दोन्ही ठिकाणी मोकळी जागा १००-१००. एकूण झाले ३,३७० मिलीमीटर, म्हणजे ११ फूट. खाली ह्युंदाई क्रेटा असेल तर तिची उंची १,६३५, म्हणजे बेरीज जाते जवळपास साडेअकरा फुटांवर.

आणि आपल्याकडे घराचा स्लॅब असतो १० फुटांवर!

त्यातही लोक हमखास एक चूक करतात. टेप स्लॅबला लावतात. लावायला पाहिजे बीमला. बीम फूटभर खाली आला असेल, तर तुमच्याकडे ९ फूटच आहेत. शिवाय पंखा, ट्यूबलाइट, पाण्याचे पाईप आणि शटरचा गुंडाळा हे सगळं त्याच उंचीत येतं.

मग कमी उंचीत काहीच होत नाही का?

तीन मार्ग आहेत. पहिला, तिरकी होणारी लिफ्ट. यात वरची गाडी आडवी न राहता कललेली राहते आणि खालच्या गाडीच्या बॉनेटवरची रिकामी जागा वापरली जाते. यात थोडी उंची वाचते, पण खाली उंच एसयूव्ही चालत नाही.

दुसरा, खड्ड्यातली लिफ्ट. खालची गाडी जमिनीत जाते. पण त्यासाठी साधारण सहा फुटांचा खड्डा खणायचा, त्याला वॉटरप्रूफिंग करायचं आणि पाणी उपसायला पंप ठेवायचा. जुलैच्या पावसात तो पंप बंद पडला तर खालची गाडी पाण्यात. कोकणात किंवा नदीकाठच्या वस्तीत हा मार्ग धरताना दहादा विचार करा.

तिसरा, अंगणात, उघड्यावर. तिथे स्लॅबची अडचण नाही, पण गंज न धरणारं गॅल्व्हनाइज्ड लोखंड लागतं आणि महापालिकेचे मोकळ्या जागेचे नियम आधी विचारावे लागतात.

दुसरा प्रश्न : जमीन वजन पेलते का?

हिशोब करून बघा. गाडी १,२०० किलो आणि लिफ्ट ८०० किलो धरली, तर चार खांबांच्या लिफ्टमध्ये प्रत्येक खांबाखाली ५०० किलो येतात. तेही ताटाएवढ्या पत्र्यावर. दोन खांबांच्या लिफ्टमध्ये प्रकरण अजून नाजूक असतं. ते खांब बोल्टने जमिनीत घट्ट पकडलेले असतात आणि गाडीचं वजन त्यांना एका बाजूला ओढत असतं. काँक्रीट कच्चं असेल तर बोल्ट उपटून येऊ शकतात. पेव्हर ब्लॉक किंवा शहाबादी फरशी म्हणजे पाया नव्हे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या पार्किंगखाली काय आहे? आपल्याकडच्या कितीतरी बंगल्यांत पाण्याची टाकी किंवा सेप्टिक टँक नेमका तिथेच असतो. त्याच्या झाकणाशेजारी खांब उभा करणं म्हणजे संकटाला आमंत्रण. त्यामुळे लिफ्ट विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवून जागा दाखवा आणि त्याचं मत लेखी घ्या.

लिफ्ट चालते कशी?

मोटर पंप फिरवते, पंप तेलाला दाब देतो, त्या दाबाने सिलिंडर सरकतो आणि साखळी किंवा स्टीलच्या दोराने प्लॅटफॉर्म वर जातो. वर जाताना खट खट आवाज येतो, तो लॉकचा. खांबात ठराविक अंतरावर खाचा असतात. गाडी वर गेली की प्लॅटफॉर्म किंचित खाली घेऊन त्या खाचेवर टेकवायचा. मग वजन तेलावर न राहता लोखंडावर राहतं आणि तेल गळलं तरी गाडी खाली येत नाही. लॉक न लावता लिफ्टखाली गाडी उभी करायची नाही, माणसाने तर मुळीच जायचं नाही.

खाली घेतानाही आधी थोडं वर उचलावं लागतं, तेव्हा लॉक सुटतो. म्हणजे लाइट गेली की वरची गाडी वरच. मोटर साधारण दोन किलोवॉटच्या पुढची असते, ती घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर चालत नाही. हातपंपाची सोय आहे का, ते घेतानाच विचारा.

आणखी एक, खालची गाडी बाहेर काढल्याशिवाय वरची खाली येत नाही. म्हणूनच वर तीच गाडी ठेवा जी महिन्यातून एखादवेळी निघते.

वर ठेवलेल्या गाडीचं काय?

जुनी गाडी तेल गाळते. खाली ट्रे लावला नाही तर ते नव्या गाडीच्या टपावर पडणार. बॅटरीची तार काढून ठेवा, चाकांत हवा भरा आणि पुढेमागे अडण्या लावा, नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका. गाडी वर ठेवली म्हणून कागदपत्रं सुटत नाहीत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. रस्त्यावर काढायची असेल तर थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी पण पाहिजेच.

सोसायटीत राहत असाल तर?

३१ ऑगस्ट २०१० रोजी सुप्रीम कोर्टाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात सांगितलं की, बिल्डर स्टिल्टमधलं पार्किंग वेगळं विकू शकत नाही, ती सामाईक जागा आहे. थोडक्यात, तिथे स्वतःच्या मर्जीने खांब ठोकता येत नाहीत. सोसायटीची लेखी परवानगी लागतेच.

शेवटचं, पण सगळ्यात आधी करायचं

घरात लहान मुलं असतील तर बटण सोडताच थांबणारी आणि किल्लीशिवाय न चालणारी लिफ्टच घ्या. किल्ली पार्किंगमध्ये लटकवू नका. गाडी खाली घेण्याआधी वाकून बघा. मांजर असतं, बॉल असतो, बॉलमागे आलेलं पोर असतं.

तर या रविवारी आधी टेप घ्या. बीमखाली मोजा, दोन्ही गाड्यांची उंची मोजा आणि टाकीचं झाकण कुठे आहे ते बघा. बेरीज बसली तर पद्मिनीला छप्पर मिळेल. नाही बसली, तर निदान लाखभर रुपयांची चूक टेपनेच वाचवली असं समजा.