‘ब्रस्क’ : एका विशेषणाचा अर्थ आणि अनुवादातील पेच

इंग्रजीतील ‘ब्रस्क’ हे विशेषण बोलण्या-वागण्यातील तुटकपणा दर्शविते. सतराव्या शतकात इंग्रजीने ते फ्रेंचमधून घेतले. फ्रेंचमध्ये ते इटालियन ‘ब्रुस्को’वरून आले होते. ‘ब्रुस्को’ म्हणजे आंबट, तुरट. जिभेवरची चव अशी पुढे जिभेवरच्या शब्दांना चिकटली. मराठीतही बोलणे गोड, तिखट, कडवट असतेच. इंग्रजीतील ‘कर्ट’ हा जवळचा शब्द मात्र ‘आखूड केलेले’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून झाला आहे. आपला ‘तुटक’ त्याच्या अधिक जवळचा. ‘तुटक’ आणि ‘त्रोटक’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी संस्कृत ‘त्रुट्’ धातू आहे. तरी त्रोटक असते ती माहिती, माणूस असतो तो तुटक.

‘ब्रस्क’साठी ‘उद्धट’ हा प्रतिशब्द सर्रास वापरला जातो. तो चुकीचा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. उद्धटपणात अवज्ञा असते. ‘ब्रस्क’ माणसाच्या मनात अपमानाचा हेतू असेलच असे नाही, त्याला नुसती घाईही असेल. ‘फटकळ’ही चालत नाही, कारण फटकळ माणूस बोलण्यात हात आखडता घेत नाही.

खरा पेच प्रत्यक्ष संवादात उभा राहतो. समजा, एका कथेत पुण्याचा पाहुणा मुळशी तालुक्यातील उरवडे गावी वाट विचारतो. बांधावरचा म्हातारा मान वर न करता सांगतो, “सरळ जावा. वड लागंल. तिथनं खाली उतरा.” इंग्रजी अनुवादक येथे ‘ब्रस्क’ लिहून मोकळा होईल आणि म्हाताऱ्यावर अन्याय करील. त्याने ‘जा’ न म्हणता ‘जावा’ म्हटले आहे. अनोळखी माणसाचा मान त्या एका रूपात राखला गेला. इंग्रजीच्या आज्ञार्थात हा भेद दिसत नाही, म्हणून उरतो तो केवळ वाक्यांचा आखूडपणा.

याच्या उलटही घडते. एरवी “अगं, जेवलीस का?” असे विचारणारा नवरा एखाद्या दिवशी “आपण जेवून घ्यावे” म्हणतो. शब्द आदरार्थी, वाक्य पूर्ण. तुटकपणा मात्र असा की समोरचीचा घास घशात अडकावा. (‘कृपया’ने सुरू होणाऱ्या काही पुणेरी पाट्याही याच जातीच्या.) येथे इंग्रजी अनुवादकाला ‘ब्रस्क’ शब्द सुचणारही नाही, आणि नेमका येथेच तो हवा असतो.