फिरत्या न्हाणीघराची पाणीगळती : शोध आणि दुरुस्ती



तोडणीच्या टोळ्या उतरतात त्या तळावर चाकावरची न्हाणी-संडासाची गाडी उभी करण्यास आपल्या काही सभासदांनी सुरुवात केली आहे. ट्रॅक्टरला जोडून ओढायची, आत दोन संडास व दोन न्हाण्या, पोटाखाली पाण्याची टाकी आणि बॅटरीवर चालणारा लहान पंप, असे तिचे साधारण स्वरूप. गटात फिरताना या गाड्यांविषयी एकच तक्रार आमच्या कानी येते, ती म्हणजे पाणी टिकत नाही. सकाळी टाकी भरावी अन् दुपारी खडखडाट! दोन दिवस असे झाले की मुकादम गाडीला कुलूप घालतो आणि बाया पुन्हा पहाटेच्या अंधारात बांधाआड जाऊ लागतात.

यात नुसत्या गैरसोयीचा प्रश्न नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला व त्यासाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तळावर पाणी, आडोसा व स्वच्छता नसणे हे या बायांच्या दुखण्यांचे एक मूळ आहे, हे आता कुणाला सांगावे लागत नाही. गाडी उभी केली पण तिच्यात पाणी नाही, तर ती केवळ पत्र्याची खोली राहते.

मागे कामानिमित्त वसई तालुक्यात वालीवला जाणे झाले. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या या पट्ट्यात लहान कारखान्यांचे गाळेच गाळे आहेत. तेथील एका गाळ्यात आपल्यासारख्या गाड्यांबरोबरच चित्रीकरणासाठी नटनट्यांच्या वापरात असलेल्या मोटारीही दुरुस्तीला येतात. शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्या फिरत्या घरांचे पाणीकामही याच जातीचे. ज्या सभासदांचा शेतावर पर्यटकांसाठी असे काही उभे करण्याचा विचार आहे, त्यांनीही पुढील मजकूर ध्यानात ठेवावा. तेथील मिस्त्रीने आम्हांस पहिल्यांदा सांगितले ते हे, "साहेब, घराचा नळ आणि गाडीचा नळ एक समजू नका. घर हलत नाही."

खरे आहे. घरातली नळी भिंतीत बसते व जागच्या जागी राहते. गाडीतली नळी मात्र फडाच्या रस्त्याने प्रत्येक खड्ड्याला झटका खाते. चिकटवलेली कडक प्लॅस्टिकची नळी सरळ भागात सहसा तुटत नाही, ती कोपऱ्याच्या एल्बोपाशी तडकते. त्यातही जिथे नळी खालच्या सांगाड्यातून वरच्या खोलीत शिरते तिथे जास्त, कारण सांगाडा एकीकडे पिळतो आणि खोली दुसरीकडे.

आता गळती शोधायची कशी? बहुतेक लोक जिथे थेंब पडतो तिथेच पाना लावतात. आपण शेतकरी मंडळींनी तरी हे करू नये. पाटाला उंदराने बीळ पाडले म्हणजे पाणी शिरते वर आणि निघते चार हात खाली, हे आपल्याला ठाऊक आहे. गाडीतही पाणी सांगाड्याच्या लोखंडी पट्टीवरून सरकत जाते व वाकडी जागा सापडली की तिथे ठिबकते. म्हणून ओल्या भागातली सर्वांत वरची जागा शोधावी. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत, सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसावेत आणि खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत. कागदावरचा डाग लगेच दिसतो.

मग टाकी भरून पंप बंद ठेवावा व अर्धा तास थांबावे. आताच ठिबकत असेल तर दोष टाकीत, टाकीच्या तोंडच्या कनेक्टरात किंवा पंपाकडे जाणाऱ्या नळीत आहे. ठिबकत नसेल तर सगळ्या तोट्या बंद करून पंप सुरू करावा. आता ओल आली तर दोष पंपाच्या पुढच्या दाबाच्या नळीत. तेव्हाही कोरडेच राहिले आणि तोटी सोडून पाणी वापरल्यावरच खाली ओल आली, तर भरणीची बाजू निर्दोष समजावी व सांडपाण्याच्या नळीकडे वळावे. खात्री करायची असल्यास बादलीभर पाण्यात कपड्याची नीळ कालवून मोरीत ओतावी. खालचा थेंब निळा आला की वाद मिटला. गाडी उभी असताना थेंबही नाही, पण ओढून आणल्यावर तळ ओला, असे असेल तर टाकीचे झाकण व हवेची नळी तपासावी. हिंदकळून पाणी तिथून बाहेर पडते.

दमट हवेत गार पाण्याच्या टाकीला घाम येतो, ती गळती नव्हे. वालीवकडे हा प्रकार पुष्कळ. आपल्याकडे पाऊस लांबला तर दिसतो. पुसल्यावर सगळ्या अंगाने सारखी ओल आली तर तो घाम, एकाच जागी आली तर गळती.

पंपाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. आपला बॅटरीवरचा फवारणी पंप असतो ना, त्याच तऱ्हेचा हा १२ व्होल्टचा पंप. पडद्याच्या हालचालीने पाणी ढकलतो आणि दाब भरला की आपोआप थांबतो. सगळ्या तोट्या बंद असताना तो थोड्या थोड्या वेळाने आपोआप खुर्रर्र करून उठत असेल, तर दाब कुठेतरी सुटतो आहे. पंपाला लागून पुढे एक कॉक असावा, नसल्यास बसवून घ्यावा. तो बंद करून पाहा. पंप उठायचा थांबला तर गळती पुढच्या नळ्यांत आहे. तरीही उठत राहिला आणि बाहेर ओल नसेल, तर पंपाच्या आतली झडप पाणी मागे सोडते आहे. तिच्यात बहुधा कचरा अडकलेला असतो. पंपापूर्वीची जाळी साफ ठेवली तर हा त्रास निम्म्याने कमी होईल, असे आमचे मत आहे.

उलट पंप फिरतो पण तोटी फुसफुसते, हवा आणि पाणी मिळून येते, तर त्याने 'हवा धरली'. विहिरीवरच्या मोटारीचे हे दुखणे कुणाला माहीत नाही? टाकीत पाणी पुरेसे असूनही असे होत असेल तर ओढीच्या बाजूचा सांधा ढिला आहे. हा सांधा पंप चालू असताना ठिबकत नाही, म्हणून पटकन सापडतही नाही. एकेका सांध्याला बाहेरून ओल्या साबणाचा जाड लेप द्यावा. ज्या लेपाने फुसफुस थांबेल तो सांधा दोषी. ही गळती क्षुल्लक मानू नये, कारण तिथून हवेबरोबर बाहेरची घाणही आत ओढली जाते.

दुरुस्तीत आट्यांचा सांधा असेल तर जुनी टेप पूर्ण काढावी. नळीचे टोक आपल्याकडे धरून पांढरी टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आठ-दहा वेढे ताणून गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून येते. प्लॅस्टिकचे आटे हाताने घट्ट करावेत व नंतर पान्याने अर्धा फेरा द्यावा. गड्याला "जोर लाव" म्हणालात की नवा एल्बो आणायचा खर्च आलाच. सुतळीला सफेदा लावून सांधा भरण्याची जुनी रीत पिण्याच्या पाण्याला नको, कारण जुन्या सफेद्यात शिसे असते आणि ते विष आहे.

चिकटवायच्या नळीत पांढरी व पिवळसर अशा दोन जाती येतात. त्यांचे सिमेंट वेगवेगळे असते, दुकानात नळीचा तुकडा दाखवूनच घ्यावे. नळी ओली असताना चिकटवणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणे. सुकवावी, पॉलिश पेपरने घासावी, चिकटवून अर्धा मिनिट दाबून धरावी आणि रात्रभर पाणी सोडू नये. सांगाड्यातून वर जाते त्या ठिकाणी कडक नळी काढून हातभर लवचिक नळी क्लिपांनी बसवावी, म्हणजे तोच एल्बो दर महिन्याला तडकणार नाही. पत्र्याच्या भोकातून नळी जाते तिथे रबराची कडी घालावी. बाकी नळी दर दीड-दोन फुटांवर पकडीत धरावी.

एमसील व सायकलच्या ट्यूबची पट्टी यांना आमचा विरोध नाही. अडीअडचणीला दोन दिवस भागते. पण प्लॅस्टिकच्या टाकीला एमसील धरतच नाही, वाळले की खपली निघते. चीर गेली असल्यास गरम हवेने प्लॅस्टिक जोडणाऱ्याकडे टाकी न्यावी. मात्र त्याआधी कनेक्टरचा वायसर बदलून बघावा, कारण पुष्कळदा टाकी शाबूत असते आणि वायसर वाळलेला निघतो.

थेंबाथेंबाने काय होते, असे म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे ४ लिटर. तेवढे सोसेल. पण मिनिटाला १०० मिलिलिटरची बारीक धार दिवसात १४४ लिटर नेते. ५०० लिटरच्या टाकीतून हा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग झाला. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे वीस माणसे व वर पोरेबाळे, त्यांच्या वाट्याचे पाणी असे मातीत जाते.

मैल्याच्या टाकीची गोष्ट निराळी. तिचा झडपेचा रबर झिरपू लागला तर गाडी लगेच वापरातून काढावी आणि ओढा, पाट वा विहिरीजवळ क्षणभरही उभी करू नये. टाकी ओढणाऱ्या यंत्राच्या गाडीनेच रिकामी करवावी. हाताने मैला काढायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आत साठलेल्या वायूने माणूस दगावतो. टाकीत कुणालाही उतरवू नये.

हंगाम संपल्यावर सर्व पाणी काढून तोट्या उघड्या ठेवाव्यात. उन्हाळ्यात रबर आकसतो, म्हणून दसऱ्याच्या आसपास टाकी भरून वरील तपासणी एकदा करावी. वायसरांचा एक संच, टेप, चार क्लिपा, हातभर लवचिक नळी आणि पंपाची जाळी एवढे सामान डब्यात घालून गाडीतच ठेवावे व डबा मुकादमाला दाखवून द्यावा.

– ऊस विकास अधिकारी