कित्ता की ताईत?

मध्य इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस नगराच्या उकिरड्यांतून ग्रेनफेल आणि हंट या ब्रिटिश विद्वानांनी पपायरसचे ढीग उकरून काढले. त्यांतल्या एका कागदावर बायबलच्या नव्या करारातील ‘रोमकरांस पत्रा’ची पहिली सात वचने आहेत. अक्षर मोठे आणि ओबडधोबड, शुद्धलेखन यथातथाच, सहाव्या वचनाचा काही भाग गाळलेला. खाली बराच कागद कोरा आहे. तिथे निराळ्या, धावत्या अक्षरात ऑरेलियस पॉलस हे नाव आणि काही तुटक शब्द. १८९९ मध्ये तो छापताना संपादकांनी हा शाळकरी मुलाचा कित्ता असल्याचे सांगितले. जर्मन अभ्यासक अडोल्फ डाइसमान यांनी मात्र तो पॉलसचा ताईत मानला.

अशा वादात वाईट अक्षर हा पुरावा पुरत नाही. पपायरसच्या अभ्यासक राफाएला क्रिबिओरे यांनी १९९६ च्या ग्रंथात इजिप्तमधल्या शालेय लेखनाच्या खुणा तपासल्या: अक्षरमाला, शब्दांची अवयवांत फोड, शिक्षकाने वर घालून दिलेली ओळ आणि खाली ती गिरवलेली, मेणाच्या किंवा लाकडी पाट्या, खापरांचे तुकडे. पण गिरवणारे सगळे लहान नसत. इसवी सन १८५ च्या सुमाराला पेताऊस नावाचा, खेड्यातला कुलकर्णी म्हणावा असा सरकारी लेखनिक होता. ‘सादर केले’ अशा अर्थाचे आपले सहीचे वाक्य त्याने एका कागदावर बारा वेळा घोटले. मध्येच क्रियापदाचे पहिले अक्षर सुटले, तर पुढच्या ओळींतही ते सुटलेलेच राहिले! शिवाय नवशिक्याचे अक्षर काळाच्या वळणाने जात नाही, म्हणून त्यावरून लेखनाचा काळ ठरवणेही धोक्याचे.

ताईत बहुधा लहान असतो, घड्या घालून बाळगलेला असतो, आणि त्यावर रक्षणाची प्रार्थना किंवा स्तोत्र असते. पत्राच्या सुरुवातीचा नमस्कार त्या कामाला फारसा उपयोगी नाही. निर्णायक धागा मिळाला तो कागदाच्या शेजाऱ्याकडून. आपला कागद ३१६ सालच्या एका करारपत्रासोबत बांधलेला सापडला होता. २०१० मध्ये अभ्यासक ॲनमरी लाइंडाइक यांनी ते करारपत्र जवसाच्या वाखाचा व्यापार करणाऱ्या लिओनिदेसच्या दप्तरातले असल्याचे दाखवले. व्यापाऱ्याच्या दप्तरातल्या या कागदाला लेखनाचा सराव म्हणणेच अधिक पटते.

कागद ख्रिस्ती आहे की नाही, हा प्रश्न वेगळाच. देव, येशू, ख्रिस्त हे शब्द संक्षेपाने लिहून त्यांवर आडवी रेघ ओढण्याची ख्रिस्ती लेखकांची पद्धत होती. ऑक्सिरिंकसच्या कागदावर ती आढळते, म्हणजे लिहिणाऱ्याला ती आधीच शिकवलेली होती. सरावासाठी बायबलमधली स्तोत्रेही वारंवार गिरवली जात. उलट, चौथ्या शतकातल्या ‘बुरियाँ’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या शालेय वहीत शब्दयाद्या, ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनिसचे किस्से आणि नाटककार मेनांडरची सुभाषिते आहेत. तिला ख्रिस्ती मानायचे ते तिच्यातल्या धर्मचिन्हांमुळे. ख्रिस्ती मुले सर्वसाधारण शाळेतच शिकत, होमरच वाचत. ३६२ मध्ये सम्राट ज्युलियनने ख्रिस्ती शिक्षकांना अभिजात ग्रंथ शिकवण्यापासून रोखू पाहिले, ते याच पार्श्वभूमीवर. थीब्जजवळच्या एपिफेनियस मठातून सहाव्या-सातव्या शतकांतली खापरे मिळाली. त्यांत होमरच्या ‘इलियड’च्या ओळी लिहिलेले खापरही आहे.