एका पेशीच्या दोन कशा होतात? धानाच्या पऱ्ह्यांपासून सिकलसेलच्या रिपोर्टपर्यंत

गोंदिया जिल्ह्यात धान सगळ्यांच्या ओळखीचं आणि सिकलसेल हे नावही बहुतेकांनी ऐकलेलं. दोन्ही समजून घ्यायचं तर पेशी विभाजन कळायला हवं. चला, सोप्या भाषेत पाहूया.

वाढीसाठी: सूत्री विभाजन

रोवणीनंतर पऱ्ह्यांना नवी मुळं फुटतात, खरचटलेला गुडघा भरून येतो. दोन्हीकडे पेशी आधी आपल्या गुणसूत्रांची पूर्ण कॉपी काढते आणि मग दोन्ही टोकांना सारखी वाटते. धानाच्या पेशीत 24 गुणसूत्रे असतात, आपल्या पेशीत 46. नव्या पेशींतही तेवढीच येतात.

फरक शेवटच्या टप्प्यात आहे. आपली पेशी मऊ असते, ती मधोमध आवळली जाऊन तुटते. धानाच्या पेशीला कडक पेशीभित्तिका असते, ती आवळता येत नाही. म्हणून आत मधोमध नवं पेशीपटल तयार होतं आणि कडेपर्यंत वाढत जातं.

पुढच्या पिढीसाठी: अर्धगुणसूत्री विभाजन

अंडपेशी आणि शुक्रपेशी तयार होताना 46 ची 23 होतात. प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं. कोणतं, ते कुणाच्या हातात नसतं.

सिकलसेलचा बदल 11 क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. रिपोर्टमध्ये ‘एएस’ असेल तर जोडीतल्या एकावरच बदल आहे. अशी व्यक्ती वाहक असते, तिला सहसा त्रास होत नाही. ‘एसएस’ म्हणजे दोन्हींवर बदल, म्हणजेच आजार.

आई-वडील दोघंही एएस असतील तर?

- बाळ एए (बदल नाही): 25 टक्के शक्यता
- बाळ एएस (वाहक): 50 टक्के
- बाळ एसएस (आजार): 25 टक्के

ही शक्यता प्रत्येक बाळाच्या वेळी नव्याने लागू होते. पहिलं मूल निरोगी, म्हणून दुसरंही तसंच असेल असं नाही. मात्र जोडीदारांपैकी एक एए असेल, तर बाळ एसएस होत नाही.

तुम्ही काय कराल?

1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात विचारा. साध्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये एएस आणि एसएस वेगळे कळत नाहीत, त्यासाठी पुढची तपासणी लागते.

रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवा आणि लग्न ठरण्याआधी दोघांचेही पाहा. दोघंही एएस निघाले, तर डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवता येतं. एएस असणं हा कुणाचाही दोष नाही.