डब्यात दोन आकडे

माझ्याजवळ निळ्या पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही आहे. १९९७ साली एरंडोलच्या बाजारपेठेतून घेतलेली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘गमतीजमती’ असे लिहिले आहे. त्याच वर्षी मी या भागातल्या एका महाविद्यालयात संगणक शिकवू लागलो. पाच यंत्रे, एक धापा टाकणारा प्रिंटर आणि दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांची रांग, एवढी आमची प्रयोगशाळा. (धुळीने संगणक बिघडतो म्हणून चपला बाहेर. देवळात जाताना नसेल इतकी भीड मुलांना त्या खोलीची वाटे.)

वहीत मी उत्तरपत्रिकांतली विनोदी उत्तरे टिपून ठेवीत असे. मधल्या सुटीत स्टाफरूममध्ये चहा आला की ती वाचायची आणि सर्वांनी हसायचे. ‘एक्स बरोबर एक्स अधिक एक’ या ओळीपुढे एकाने लिहिले होते, ‘हे समीकरण चूक आहे, छपाईचा दोष असावा.’ दुसऱ्या एकाने लिहिले होते, ‘यंत्राला आपल्या मनातले समजत नाही, तेव्हा कार्यक्रम चुकतो.’ आणि सर्वांत जास्त हशा मिळवणारे उत्तर पद्मालयाच्या बाजूच्या एका खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलीचे होते. ‘क’ या चलात आधी ५ ठेवले, मग ७ ठेवले, तर आता ‘क’मध्ये काय आहे, असा प्रश्न होता. तिने लिहिले, ‘५ आणि ७.’ मी शून्य दिले. ती त्या विषयात नापास झाली आणि पुढच्या वर्षी आली नाही. अशी पुष्कळ मुले येत नाहीत. कोणाचे लग्न ठरते, कोणाच्या शेतात माणूस नसते. त्यामुळे मी फारशी चौकशी केली नाही.

तिने नापास होण्यापूर्वी एकदा वर्गात उभे राहून, ‘सर, माले समजनं नही,’ असे म्हटल्याचे मला आठवते. अहिराणीत बोलल्याबद्दल मागच्या बाकावरून कोणीतरी हसले होते. मी पुन्हा तेच, तशाच शब्दांत, जरा मोठ्या आवाजात सांगितले होते.

सोळा वर्षे ती वही हसण्यासाठीच होती. २०१३ च्या फेब्रुवारीत तिचा अर्थ बदलला. पवईच्या आयआयटीने त्या सुमारास ‘दहा हजार शिक्षक’ या उपक्रमाखाली दूरस्थ कार्यशाळा चालवल्या होत्या. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा उपक्रम. मुंबईतून शिकवायचे आणि देशभरच्या केंद्रांत बसलेल्या शिक्षकांनी पडद्यावर पाहून शिकायचे, प्रश्न विचारायचे. त्या फेब्रुवारीतली कार्यशाळा मात्र नव्या विषयाची नव्हती. आपल्याच वर्गात संशोधन कसे करावे, हे तिथे शिकवले जाणार होते. प्रा. श्रीधर अय्यर आणि प्रा. सहाना मूर्ती ही तिथली माणसे. केंद्र अभियांत्रिकीवाल्यांचे, एका मित्राच्या ओळखीने मी मागच्या खुर्चीत जाऊन बसलो.

तिथे एक साधा प्रश्न विचारला गेला : तुमचे विद्यार्थी नेमके कुठे अडखळतात, हे तुम्हाला कशावरून कळते? शेजारचे प्राध्यापक म्हणाले, ‘अनुभवावरून.’ मला निळी वही आठवली आणि कानशिले तापली. कारण परतीच्या बसमध्ये हिशेब लागला. चल म्हणजे काय, हे मी पहिल्याच तासाला सांगत असे : ‘चल म्हणजे स्वयंपाकघरातला डबा. त्यावर नाव असते, आत वस्तू असते.’ आता कोणत्याही घरात डब्यात आधी पाच लाडू ठेवले आणि मग सात ठेवले तर आत काय असेल? बारा. वहीत ‘१२’ असे उत्तरही तीन ठिकाणी सापडले. ती मुलगी चुकली नव्हती. मी सांगितलेल्या डब्याशी ती प्रामाणिक राहिली होती.

पुढे वाचताना कळले की डब्याच्या उपमेतला हा खड्डा इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिला होता. यंत्राला आपले मन कळत असावे, या समजुतीवरही अमेरिकेत रॉय पी यांनी १९८६ साली निबंध लिहिला होता. म्हणजे माझ्या विनोदांपैकी निम्मे जगात आधीच अभ्यासले गेले होते आणि मी एरंडोलमध्ये त्यांच्यावर चहा पीत होतो.

मग आम्हाला इतकी वर्षे कोणी काही शिकवलेच नाही काय? शिकवले की. आपल्याकडे संगणकाच्या शिक्षकांना शिकवण्याची परंपरा जुनी आहे. कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली आयबीएमचा १६२० हा संगणक आला, आणि लवकरच तिथे बाहेरच्या अध्यापकांसाठी अल्प मुदतीचे वर्ग भरू लागले. प्रा. राजारामन यांची स्वस्त पाठ्यपुस्तके त्याच वातावरणातली. आमची पिढी त्यांच्यावरच पोसली. १९८७ नंतर विद्यापीठांतून अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली आणि उजळणी वर्ग बढतीशी बांधले गेले. मीही ते केले. प्रत्येक वेळी नवी भाषा, नवी प्रणाली शिकून आलो. काय शिकवायचे ते दर तीन वर्षांनी बदलत गेले. समोरच्या मुलाच्या डोक्यात त्याचे काय होते, हा तास कुठल्याच वेळापत्रकात नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत तर ऑनलाइन वर्गांचा पाऊस पडला. प्रश्नावली भरली की प्रमाणपत्र ई-मेलने घरपोच. माझ्याजवळ त्यांची एक जाड फाइल आहे. वहीशेजारीच ठेवली आहे.

दुखणे फक्त खानदेशाचे नाही, याचा मात्र दिलासा मिळाला. २००१ साली निरनिराळ्या देशांतल्या शिक्षकांनी एकत्र येऊन २१६ विद्यार्थ्यांना सारख्याच धाटणीची कामे दिली होती. पहिला अभ्यासक्रम संपवलेली मुले. ११० पैकी सरासरी गुण मिळाले २२.८९. प्रत्येकाला आपल्याच वर्गात काहीतरी बिनसले आहे असे वाटत होते, ते सर्वांचेच निघाले. इकडे पवईत, पहिल्या वर्षाच्या शेकडो मुलांच्या वर्गात ‘आधी स्वतः विचार करा, मग शेजाऱ्याशी बोला, मग वर्गाला सांगा’ अशी पद्धत वापरून, निरीक्षक बसवून मोजले, तर सरासरी ८३ टक्के मुले कामात गुंतलेली आढळली. २०१३ चाच तो निबंध. शेजाऱ्याशी बोलायला एरंडोलमध्ये पैसे लागत नाहीत, म्हणून मी ती पद्धत दुसऱ्याच आठवड्यात उचलली. आणि ‘शेजाऱ्याशी अहिराणीत बोललात तरी चालेल’ असे सांगितले. वर्गातला तो गलबला मी तोवर कधी ऐकला नव्हता.

डब्याच्या जागी मी पाटी आणली. पाटीवर नवा आकडा लिहायचा तर जुना पुसावा लागतो. एका तुकडीला डबा, दुसरीला पाटी, असे करून पाहिले. पाटीवाल्यांची उत्तरे चांगली आली. मी हर्षभरित होऊन गणिताच्या सहकाऱ्यांना कागद दाखवले. ते शांतपणे म्हणाले, ‘पाटीची तुकडी सकाळची, डब्याची दुपारची. दुपारी वीज नसते. तुम्ही पाटी मोजली की पंखा?’ मी तीन रात्री नीट झोपलो नाही. संशोधनाचे खरे शिक्षण मला त्या एका वाक्याने दिले. असे विचारणारा माणूस ज्याच्या स्टाफरूममध्ये नाही, त्याने काय करावे?

कारण बाहेरची हवा उलटी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी बढतीसाठी गुणांचा तक्ता आणला. इतके निबंध, इतके गुण. गुण हवेत म्हटल्यावर ते विकणारी दुकाने निघणारच. पैसे भरा, आठ दिवसांत निबंध छापून येतो. सांगायला लाज वाटते, पण माझाही एक तसा आहे, ‘क्लाउड’च्या सुरक्षिततेवर. मी त्या वेळी क्लाउड वापरलाही नव्हता. त्या निबंधाचे गुण मिळाले. वहीचे मिळाले नाहीत. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य नियतकालिकांची यादी तपासून २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले की, विद्यापीठांनी सुचवलेल्या, अन्यत्र नोंद नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात. मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली. २०२५ साली तीही बंद झाली. याद्या येतात आणि जातात. खेड्यातल्या मास्तराला यादी नको असते. महिन्यातून एक मोकळी दुपार, वाचायला चार निबंध आणि पंख्याची आठवण करून देणारा एक सहकारी एवढेच हवे असते.

आता मी निवृत्तीला टेकलो आहे. माझे निम्मे तास घेणाऱ्या बाई तासिका तत्त्वावर आहेत. सकाळी आमच्याकडे, दुपारी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात. मधले जेवण एसटीत. सुटीचे मानधन नाही, तर संशोधनाचे कोण देणार? तरी मागच्या वर्षी त्यांनी वही मागून नेली आणि चार दिवसांनी परत आणून दिली. पहिल्या पानावरचे ‘गमतीजमती’ त्यांनी विचारून खोडले नव्हते, पण खाली पेन्सिलीने तारीख घालून नोंदी सुरू केल्या होत्या. नव्या नोंदी निराळ्या आहेत. मुले हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला, बिनचूक चालणारा कार्यक्रम आणतात. बाई त्यातली एक ओळ बोटाने झाकतात आणि विचारतात, ‘ही काढली तर काय होईल?’ उत्तर जसे येईल तसे, अहिराणीत आले तर अहिराणीत, त्या लिहून घेतात.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पारोळा आणि धरणगावहून दोघे येतात आणि आम्ही महामार्गालगतच्या एका हॉटेलात बसतो. येत्या शनिवारी बाई झाकलेल्या ओळींची पहिली पन्नास उत्तरे आणणार आहेत. गणिताच्या सरांनाही बोलावले आहे. ती मुले सकाळच्या तुकडीची की दुपारच्या, हे लिहून आणा, असे मी बाईंना फोन करून सांगितले आहे.